कायद्याचा लेख आणि लेखकाचें उत्तरदायित्व

कायद्याच्या नियतकालिकांत छापलेला लेख पंडितांच्या वाचनापुरताच राहतो असें नाहीं. एखादा वकील तो न्यायालयांत आधार म्हणून पुढें करितो, आणि मग कोणाची जमीन, कोणाचें दत्तविधान त्या मजकुराशीं बांधलें जातें. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा आधार सर्वोच्च न्यायालयानेंही घेतला आहे. १९३० ते १९६२ या काळांत निघालेल्या त्या पांच खंडांत टिपांची गर्दी आहे, ती वाचकाला मूळ वचन काढून पडताळतां यावें म्हणून. टीप हा लेखकानें उभा केलेला साक्षीदार होय. मूळ निवाडा न वाचतां दुसऱ्याच्या लेखांतून टीप उचलणारा मनुष्य न पाहिलेला साक्षीदार उभा करितो. तो निवाडा वरिष्ठ न्यायालयानें पुढें फिरविलेला असला, तर त्याला पत्ताही नसतो.

आमच्या चऱ्होलीहून फार दूर नसलेल्या पुणें विद्यापीठांत या विषयाचा बराच ऊहापोह झाला. तेथील अभ्यासकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीनें अनुदान आयोगाच्या मान्य यादींत आलेलीं जीं नियतकालिकें त्यांनीं पारखिलीं, त्यांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक हिणकस ठरण्यासारखीं निघालीं! त्याच वर्षीं आयोगानें ४,३०५ नांवें यादींतून काढिलीं. पुढें पुण्याच्याच साह्यानें ‘केअर’ यादी झाली. तीही २०२५ सालीं बंद झाली.

आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाहीं. साठ टक्क्यांच्या वर गेल्यास संशोधक विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. पण हें गणित शब्दांचें आहे. दुसऱ्याचा सबंध युक्तिवाद आपल्या भाषेंत घातला, तर यंत्राला तो सांपडेलच असें नाहीं. (शेजाऱ्याचें उत्तर उतरविणारा विद्यार्थी निदान रीत चुकवी, म्हणून आम्हां मास्तरांच्या हातीं लागे.) न झालेला निवाडा तर अगदींच नवा, म्हणून यंत्राच्या दृष्टीनें निर्दोष! संगणकानें रचलेले असले निवाडे न्यायालयापुढें मांडल्याबद्दल २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या दोन वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला.

आदरापोटीं मार्गदर्शकाचें नांव लेखावर घालण्याची चालही मला गैर वाटते. ज्यानें लिहिलें नाहीं, तो टिपांविषयीं काय उत्तर देणार? एकच लेख एकाच वेळीं दोन ठिकाणीं पाठविण्याबाबत मात्र रीती भिन्न आहेत. अमेरिकेंतील विद्यार्थ्यांनीं चालविलेलीं कायद्याचीं नियतकालिकें ती मोकळीक देतात. इतरत्र बहुधा ती नसते, तेव्हां लेख धाडण्यापूर्वीं संपादकांची नियमावली पाहून घ्यावी.