कस्टम पिस्तूल? मग ‘प्रॉडक्शन’ विसरा!

नवी बाइक आली की आधी सायलेन्सर बदलायचा, हा आपला फंडा. पिस्तुलाच्या स्पर्धेत तो महागात पडतो, बॉस!

‘आयपीएससी’ ही प्रॅक्टिकल शूटिंगची संघटना १९७६ साली अमेरिकेत मिसुरीतल्या कोलंबियामध्ये सुरू झाली. तिच्या ‘प्रॉडक्शन’ गटात फक्त मंजूर यादीतलं पिस्तूल चालतं. साइट्स बदलणं वगैरे किरकोळ हौस ठीक. पण गनस्मिथकडून खास बांधून घेतलेला पीस यादीत नाही म्हणजे नाही. ट्रिगरसुद्धा हवा तितका हलका करता येत नाही. पहिल्या गोळीला किमान २.२७ किलो दाब हवा, नाहीतर प्रत्येक गोळीला १.३६.

नियमात बसला नाहीत तर थेट ‘ओपन’ गटात रवानगी. तिथे समोरच्याकडे रेड डॉट, कॉम्पेन्सेटर आणि जोरदार ‘मेजर’ काडतुसं! ‘सी’ झोनमध्ये त्याला ४ गुण, तुमच्या ‘मायनर’ला ३. म्हणजे पैसे खर्चून मागेच.

जाचक वाटतं? मला तरी नाही. नाहीतर नेमबाजीऐवजी खिशाचीच स्पर्धा झाली असती.

ऑलिंपिकवाल्या नेमबाजीचा हिशोब मात्र वेगळा. तिथे हाताच्या मापाची मूठ चालते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये गोल्ड जिंकलं, त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगरला १ किलो दाबही पुरतो.