साहेबांच्या कट्ट्यावरची तारीख

शाळेत सामान्यज्ञानाच्या वहीत मी एक ओळ लिहून ठेवली होती : हेलियमचा शोध, 18 ऑगस्ट 1868, विजयदुर्ग किल्ला. त्या ओळीचा मला फार अभिमान होता. सूर्यावरचं एक मूलद्रव्य पहिल्यांदा दिसलं ते आमच्या कोकणातल्या एका बुरुजावरून! पुढं ती वही हरवली, पण ओळ डोक्यातून गेली नाही. पुष्कळ वर्षांनी एका पावसाळ्यात देवगडला अडकून पडलो. चार दिवस सूर्य दिसला नाही. तेव्हा एकदम मनात आलं, 18 ऑगस्ट म्हणजे श्रावण. नारळी पौर्णिमा होऊन जेमतेम पंधरा दिवस. अशा दिवसांत सूर्याचे वेध घ्यायला कोणता शहाणा माणूस विजयदुर्ग निवडेल?

त्या शंकेमागं मी बारा वर्षं हिंडतो आहे. यंदा मुद्दाम 22 जानेवारी गाठून विजयदुर्गला गेलो. हीच तारीख का, ते ओघात येईल.

तरळ्याहून सुटलेली एसटी सकाळी साडेआठला बंदरावर पोचली. वाघोटन खाडीच्या मुखाशी जांभ्याच्या टेकाडावर किल्ला, त्याच्या पायथ्याशी जेटी, जेटीला लागून होड्या आणि जाळी विणत बसलेली माणसं. गाव एवढंच. पण ही खाडी आत खारेपाटणपर्यंत जाते आणि एके काळी तिच्यावर घाटमाथ्याचा व्यापार चालायचा, हे ध्यानात ठेवून पाहिलं की त्या शांत पाण्याकडं बघायची नजर बदलते. गिर्ये इथली आंग्र्यांची गोदी आणि रामेश्वराचं देऊळ पाहायला निदान अर्धा दिवस हवा. मी तिकडं गेलो नाही. शिलाहार भोज, आदिलशाही, शिवाजी महाराज, कान्होजी आणि तुळाजी आंग्रे, 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्हनं घेतलेला किल्ला, मग पेशव्यांचं आरमार आणि आनंदराव धुळप. हा इतिहास दिवाळी अंकाच्या वाचकाला मी नव्यानं काय सांगणार? मला ओढ होती ती तटावरच्या एका साध्या बांधकामाची.

त्याला इथं ‘साहेबांचे कट्टे’ म्हणतात. तोफेचा दिमाख त्यांना नाही, की देवळाचं पावित्र्य नाही. हात ठेवला तर चिऱ्याची भोकं तळव्याला टोचतात. भोकांत वाळलेलं शेवाळ, मुंग्यांची रांग, कोणीतरी खोचून ठेवलेला चॉकलेटचा कागद. शेजारी एक म्हातारे गृहस्थ सावलीला बसले होते. मी कट्टा निरखतोय असं पाहून आपणहून म्हणाले, “सायबान हयसूनच सूर्य बघल्यान.” कोणत्या साली, असं विचारलं, तर हसून म्हणाले, “ता माका काय म्हायत? माज्या आज्यान सांगितल्यान.”

आज्यानं सांगितलं ते खरं होतं. चूक आपण शिकलेल्या लोकांनी केली.

विजयदुर्गावरून हेलियम शोधला असं ज्यांच्याबद्दल सांगतात ते इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर 1868 च्या ऑगस्टमध्ये हिंदुस्थानात नव्हतेच. ते लंडनच्या युद्धखात्यात कारकून होते आणि फावल्या वेळात सूर्याचा अभ्यास करत होते. 18 ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि त्याची छाया आपल्या देशावरून गेली हे खरं. ती पाहायला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आणि मेजर टेनंट गुंटूरला होते, लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला आणि त्याच वेधशाळेचे रघुनाथाचारी वनपर्तीला. ढगांनी यातल्या काहींना फार सतावलं. सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली. बहुतेकांना ती सोडियमची वाटली. ग्रहण नसतानाही या ज्वाळा वर्णपटदर्शकातून पाहता येतात हे जान्सेननी दुसऱ्याच दिवशी दाखवलं. लॉकयरनी स्वतंत्रपणे तेच इंग्लंडमध्ये केलं, 20 ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीपुढं एकाच दिवशी आली आणि फ्रेंचांनी दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक पाडलं. ती पिवळी रेघ सोडियमची नसून नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची आहे, हा आग्रह लॉकयर यांचा. पृथ्वीवर ते मूलद्रव्य रॅमसे यांच्या हाती लागलं 1895 मध्ये.

मग कट्ट्यावरचा साहेब कोण? साहेब लॉकयरच, पण ग्रहण तीस वर्षांनंतरचं. 22 जानेवारी 1898, पौष अमावास्या, कोकणात निरभ्र आकाशाचे दिवस. रॉयल सोसायटीच्या त्या वर्षीच्या कामकाजात या वेधांचा प्राथमिक अहवाल छापलेला आहे आणि त्याच्या शीर्षकातच ‘विझियाद्रुग’ आहे. ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाचनालयात खुर्ची सोडून उभाच राहिलो. अहवालावर तीन नावं : सर नॉर्मन लॉकयर, कलकत्त्याचे रसायनाचे प्राध्यापक पेडलर आणि मेलपोमेनी या युद्धनौकेचे कॅप्टन चिशोल्म-बॅटन. या तिसऱ्या नावावर माझा विशेष जीव आहे. लॉकयर यांच्याबरोबर शास्त्रज्ञ मोजकेच होते, उपकरणं पुष्कळ. म्हणून बोटीवरचे खलाशी हाताशी घेतले. कोणी घड्याळाचे सेकंद ओरडून सांगायचे, कोणी कॅमेऱ्याच्या प्लेटा बदलायच्या, कोणी प्रभामंडलाचं चित्र हातानं काढायचं. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, तेव्हा रंगीत तालमी झाल्या. तोफा डागायला शिकलेली माणसं दोन मिनिटांच्या काळोखासाठी कवायत करत होती, तीही आंग्र्यांच्या किल्ल्यावर. एवढं वैभव ज्या कट्ट्याला आहे, त्याला हेलियमची उसनी तारीख कशाला हवी?

दरवर्षी 18 ऑगस्टला गडावर हेलियम दिवस साजरा होतो. त्या निमित्तानं मुलं गडावर येतात, वर्णपट म्हणजे काय ते ऐकतात, याचा मला आनंदच आहे. पण त्यांना खरी गोष्ट सांगा. खरी गोष्ट जास्त चांगली आहे आणि तिच्यात आपला एक माणूस आहे, जो त्या वहीतल्या ओळीत कधीच आला नाही.

त्या माणसाचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म 1857 चा. एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शिकवणारा हा पारशी तरुण भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींकडून पाच हजार रुपये मिळवतो, मुंबई सरकार तेवढीच भर घालतं आणि त्या पैशांतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात वेधशाळा उभी राहते. ताऱ्यांच्या प्रकाशाचं पृथक्करण करणारी देशातली ही पहिली आधुनिक वेधशाळा. ती वर्णपटाच्या कामासाठीच असावी, हा सल्ला त्यांना इंग्लंडात ज्यांनी दिला त्यांत लॉकयर होते.

आणि याच नायगमवालांनी पुण्यातून लॉकयर यांना खोटं ठरवणारा वेध घेतला. लॉकयर यांचा तेव्हा एक लाडका सिद्धांत होता : तारे आणि तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे. तेजोमेघांच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेघ ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश आहे, असं ते म्हणत. तसं असेल तर त्या रेघेची एक कड पुसट दिसायला हवी. नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर दुर्बीण रोखली आणि 1891 मध्ये लिहिलं, की रेघ कशीही पाहिली तरी दोन्ही कडांनी रेखीव आहे. विल्यम हगिन्स यांच्यासारखे मोठे लोक आधीपासून लॉकयर यांच्या विरोधात होते, पण त्यांना लंडन जवळ होतं. पुण्यात एकट्यानं बसून, ज्याच्या सल्ल्यानं वेधशाळा उभी राहिली त्याच्याविरुद्ध डोळ्यांना दिसलं ते छापायला वेगळी छाती लागते. ती रेघ ऑक्सिजनची आहे हे 1927 मध्ये बोवेन यांनी दाखवलं.

इथं मला राहवत नाही म्हणून सांगतो. त्याच पुण्यात, त्याच मृगाकडं पाहत दुसरा एक माणूस वेदांचा काळ मोजत होता. टिळकांचं ‘ओरायन’ 1893 चं. 22 जानेवारी 1898 ला टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. प्लेगानं प्रांत पोखरला होता, रँडच्या खुनाला सात महिने झाले होते. त्या मुलुखावरून ही सावली गेली.

कोकणातून ती ईशान्येला चढली. करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल तळ देऊन बसले होते. नायगमवालाही आपली उपकरणं घेऊन जेऊरलाच होते. पुढं पुलगावला न्यूऑल, वऱ्हाडातल्या तळणीला मॉन्डर दांपत्य आणि एव्हरशेड हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ होते. बाहेरून आलेल्या या पथकांच्या बरोबरीनं इथल्या कॉलेजातला एक प्राध्यापक स्वतःची मोहीम घेऊन उभा राहिला. त्यांचा सविस्तर अहवाल 1902 मध्ये निघाला. 1912 साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही मिटली. दुर्बीण कोडाईकनालला गेली, तेव्हा तिथले संचालक तळणीला असलेले एव्हरशेडच होते. नायगमवाला 1938 पर्यंत जगले. आपली वेधशाळा नसलेल्या पुण्याबद्दल त्यांना काय वाटत असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

दुपारी एक वाजता मी पुन्हा कट्ट्यापाशी आलो. म्हातारे गृहस्थ जेवायला गेले होते. जानेवारीतला सूर्य दक्षिणेकडं कललेला, आकाशात ढगाची चिरी नाही. लॉकयरना असंच आकाश मिळालं होतं. मी पाण्याकडं पाहिलं. सावली समुद्रावरून आली ती तिकडून. मग पाठ फिरवून घाटाकडं पाहिलं. इथं पुन्हा ऊन पडलं असेल, खलाशी प्लेटा झाकून पेट्यांत ठेवत असतील आणि तेव्हा तिकडं, सह्याद्रीपलीकडं, नायगमवाला दुर्बिणीपाशी हात तयार ठेवून तिची वाट पाहत उभे असतील.