मीटरला कॉस्टिक कळत नाही

दूध डेअरीत पाश्चरायझर आणि पाइप आतून धुण्यासाठी गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवतात. या धुलाईला सगळे ‘सीआयपी’ म्हणतात. पॅनेलवर आकडा दिसतो, कॉस्टिक 1.5 टक्के. लॅबच्या मॅडम टायट्रेशन करून सांगतात, 1.2. मग इन्स्ट्रुमेंटवाल्याला बोलावणं जातं, ‘साहेब, तुमचा मीटर चुकतोय.’

बहुतेक वेळा चुकत नसतो. पाइपातल्या प्रोबला कॉस्टिक, मीठ, आम्ल यांतला फरक कळतच नाही. द्रावणातून वीज किती सहज जाते, म्हणजे वाहकता, एवढंच तो मोजतो. टक्के हा त्यावरून काढलेला आकडा. आणि तो कोणत्या तक्त्यावरून काढायचा हे माणसानेच मीटरमध्ये भरलेलं असतं.

‘पण परवाच कॅलिब्रेशन झालंय, सर्टिफिकेट आहे!’ ते सर्टिफिकेट बहुधा पोटॅशियम क्लोराइडच्या प्रमाणित द्रावणावरचं असतं. 0.01 मोलर द्रावणाची वाहकता 25 अंशांना 1413 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. मीटर तेवढी दाखवतो म्हणजे वाहकता बरोबर मोजतो, बस. टक्क्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. शिवाय दीड टक्का कॉस्टिक साध्या तापमानालाच 70 मिलिसीमेन्सच्या आसपास असतं. तिथे 1413 मायक्रोसीमेन्सवर तपासणी म्हणजे पोत्यांचा वजनकाटा पावशेराच्या मापाने तपासणं. 1 मोलर द्रावण घ्यावं, 111.8 मिलिसीमेन्सचं.

टक्क्यांचं कॅलिब्रेशन वेगळं. प्लांटमध्ये वापरतो तेच कॉस्टिक, डीएम वॉटरमध्ये, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यात, वजन करून अर्धा, एक, दीड, दोन, तीन टक्क्यांची द्रावणं करायची, टायट्रेशनने खात्री करायची आणि प्रत्येकाची वाहकता धुलाईच्या तापमानाला टिपायची. दोन बिंदूंवर पट्टी ठेवून रेघ ओढायचा मोह टाळावा. 20 अंशांना 1 टक्का कॉस्टिक सुमारे 48.6 मिलिसीमेन्स देतं; 5 टक्के त्याच्या पाचपट, म्हणजे 243 द्यायला हवं, पण देतं 206च्या आसपास. आयन दाटीवाटीने आले की एकमेकांच्या वाटेत येतात.

ही दाटी वाढत गेली की ‘जितकं जास्त तितकी वाहकता जास्त’ हा समजही कोसळतो. सल्फ्युरिक आम्लाची वाहकता सुमारे 30 टक्क्यांना शिखर गाठते आणि पुढे उतरते. 85च्या आसपास तळ, 92च्या सुमारास छोटा उंचवटा, मग पुन्हा उतार. एकच वाचन अनेक टक्क्यांना लागू पडतं, म्हणून आपण कोणत्या उतारावर आहोत हे मीटरला आधीच सांगावं लागतं. कॉस्टिकचं शिखर साध्या तापमानाला 15 टक्क्यांच्या आसपास. टँकरने येणारी 48 टक्क्यांची लाय, म्हणजे दाट कॉस्टिक, त्याच्या पार पलीकडे असते. तिच्यात पाणी घालत गेलं की वाहकता आधी चक्क वाढते. नवा ऑपरेटर इथे हमखास गोंधळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

तापमानाची भरपाई सरसकट ‘अंशाला 2 टक्के’ ठेवतात. क्षारांना ते साधारण चालतं; आम्लं आणि अल्कलींना बहुधा कमी लागतं. समजा खरा गुणांक 1.7 आहे आणि धुलाई 75 अंशांना चालते. 25 अंशांवर आणताना वाचन साडेसात टक्क्यांनी कमी येईल. इंडक्टिव्ह प्रोब बादलीत कॅलिब्रेट करून अरुंद पाइपात बसवला तर पाइपाची भिंतही वाचन बदलते. स्टीलची भिंत जवळ असली की आकडा चढतो, प्लास्टिकची असली की उतरतो.

आता तो 1.5 आणि 1.2चा वाद. टाकीतलं कॉस्टिक पुन्हा पुन्हा वापरतात. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि थोडं थोडं कार्बोनेट बनत जातं. कार्बोनेट हायड्रॉक्साइडपेक्षा बरीच कमी वीज नेतं, पण नेतं. दुधाचे क्षारही नेतात. मीटर सगळ्यांना कॉस्टिक समजून मोजतो. लॅबमध्ये बेरियम क्लोराइडने कार्बोनेट खाली बसवून टायट्रेशन केलं तर फक्त हायड्रॉक्साइड उरतं. आकडे वेगळे येणारच.

अशा वेळी कोणीतरी मीटरचा आकडा ओढून 1.2वर आणतो आणि वाद मिटतो. पुढे टाकी रिकामी करून ताजं कॉस्टिक भरतात. डोसिंग पंप पॅनेलवर 1.5 दिसेपर्यंत सोडत राहतो, आणि मॅडमच्या ब्युरेटवर येतात 1.8.