सरकारी वकिलाची बांधिलकी

मालवणच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात मारहाण, चोरी यांसारखे खटले सहायक सरकारी अभियोक्ता चालवतात, तर खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांचे खटले ओरोस येथील जिल्हा व सत्र न्यायालयात सरकारी वकील चालवतात. गुन्हा एका माणसाविरुद्ध घडला तरी कायदा तो समाजाविरुद्धचा मानतो. म्हणूनच फिर्याद देणारा न्यायालयात साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि खटला राज्याच्या नावाने चालतो.

हे काम तपासयंत्रणेपासून वेगळे असावे, हे तत्त्व 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने स्वीकारले. तरीही महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्ते पोलीस खात्याच्या प्रशासकीय नियंत्रणाखालीच राहिल्याने, 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग उभारण्याचा आदेश द्यावा लागला.

या स्वातंत्र्याचा कस साक्षीपुराव्यात लागतो. जप्तीच्या पंचाची साक्ष घेण्यापूर्वी सरकारी वकील पंचनाम्यातील वेळ, मुद्देमालाचा, म्हणजे जप्त वस्तूंचा, नोंदवहीतील क्रमांक आणि प्रयोगशाळेला पाठवलेल्या पत्रातील वर्णन एकमेकांशी ताडून पाहतात. सरतपासात, म्हणजे स्वतःच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना, उत्तर सुचवणारा प्रश्न सहसा विचारता येत नाही. त्यामुळे ‘आरोपीने कोयता काढून दिला ना?’ असे न विचारता ‘तिथे तुमच्यासमोर काय घडले?’ असे विचारावे लागते. मग न्यायालयाच्या परवानगीने सीलबंद पाकीट उघडले जाते आणि पंचाला लेबलावरची आपली सही व आतली वस्तू ओळखण्यास सांगितले जाते. साक्षीदार आणि आरोपी एकाच वाडीतले असले, बाजारात आणि जत्रेत समोरासमोर येणारे असले, की ‘पोलिसांनी सांगितले म्हणून सही केली’ असे उत्तर येऊ शकते. अशा वेळी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 157 खाली परवानगी घेऊन त्या फितूर साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारता येतात, आणि त्याच्या साक्षीतला विश्वासार्ह भाग तरीही ग्राह्य धरता येतो.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळल्यावर गुन्हा दाखल झाला, तेव्हा लोकांचा संताप स्वाभाविकच होता. परंतु अशा प्रकरणातही सरकारी वकिलाला दोष सिद्ध करायचा असतो तो कागदपत्रे आणि तज्ज्ञांच्या साक्षीनेच. शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या 1999 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कसेही करून शिक्षा मिळवणे हे सरकारी वकिलाचे ध्येय असू शकत नाही आणि आरोपीला न्याय्यपणे मिळू शकणारा लाभ त्यांनी दडवून ठेवता कामा नये. खटला मागे घेण्याचा अर्ज करतानाही कायद्याला त्यांचा स्वतःचा विचार अपेक्षित असतो, शासनाच्या आदेशाची नक्कल नव्हे.

18 ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गातील सत्र न्यायालयाच्या निकालांवरील फौजदारी अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचपुढे जातात, आणि तेथील न्यायमूर्तींसमोर साक्षीदार नव्हे, त्यांची नोंदवलेली साक्ष असते. म्हणूनच ओरोसला न विचारलेला प्रश्न पीडिताला न्यायापासून वंचित ठेवू शकतो, तसाच दडवलेला कागद निरपराध माणसाला तुरुंगात धाडू शकतो. या दोहोंची जबाबदारी सारख्याच गांभीर्याने पेलणारा सरकारी वकीलच खऱ्या अर्थाने लोकांचा वकील ठरतो.