रात्री खाऱ्या पाण्यात गळ टाकायचाय? आधी तिथी बघा

रंकाळ्यावर आणि पंचगंगेवर गळ टाकणाऱ्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "भावा, शनिवारी रात्री गगनबावड्यावरनं खाली उतरतोय, देवगड-मालवणला मासं गावतील का?" गावतील की. पण पंचगंगेचं पाणी एकाच बाजूला जातं. समुद्राचं येतं, जातं, आणि अंधारात ते पाठीमागून कधी आलं हे कळत नाही. म्हणून आज आधी भरती, मग गळ.

भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सव्वासहा तास जातात, आणि भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी म्हणजे 8, पाऊणपट 6, म्हणजे पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. हा मुंबईकडचा अंदाज झाला. मालवणकडे ती त्याच्याआधीच येते, त्यामुळं मोबाईलवर त्या बंदराचं वेळापत्रक बघाच.

आता खरी मेख. पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी भरती होऊन जाते. तुम्ही कोरड्या पायांनी ज्या खडकावर गेलात, त्याच्या मागची घळ तेवढ्यात भरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच. म्हणून जागा आणि परतीची वाट उजेडातच बघून ठेवायची, एकट्यानं जायचं नाही. नवख्यांनी खडकाचा नाद सोडावा. खाडीतला धक्का बरा. मासंही चढत्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात.

रात्री मासा बराचसा वासावर येतो, म्हणून ताजी कोळंबी नाहीतर पेडव्याचा तुकडा. तांबोशी खडकांच्या आसपास असते, तिथं दोरी घासून तुटते. शेवटची दोन हात दोरी जाड लावा.

डोक्यावरची बॅटरी सारखी पाण्यावर मारू नका, मासा बुजतो. धक्क्यावर दिवा असेल तर मात्र गंमत असते. स्थिर उजेडाखाली पाण्यातले बारीक जीव जमतात, त्यांच्यामागं छोटे मासे, आणि मोठा मासा सावलीच्या कडेला दबा धरून असतो. गळ त्या कडेवर टाका.

हीच युक्ती मोठ्या बोटी प्रखर एलईडी लावून करतात, आणि गोळा झालेला अख्खा थवा जाळ्यात घेतात, पिल्लांसकट. केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2017 मध्ये त्यावर बंदी घातली, तरी मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचा हा झगडा संपलेला नाही. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्याला मग काय उरणार? मला त्यांचंच पटतं.

आणि हो, शिंगाळा लागला तर हातानं धरू नका, पक्कड वापरा. त्याचे काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि तसंच दवाखाना गाठा.