गोबरगॅस : चुलीवर उतारा, खड्ड्यात धोका

वर्षानुवर्षे खोकला हटत नाही अशी तक्रार घेऊन पन्नाशीची बाई दवाखान्यात आली की मी आधी विचारतो, "स्वयंपाक कशावर करता?" उत्तर बहुधा ठरलेले असते. चुलीवर, आणि चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या नाहीतर गोवऱ्या. सिलिंडर घरात असतो, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता.

या धुराने बायकांच्या श्वासनलिका कायमच्या आकसतात, लहान मुलांना न्यूमोनिया होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. म्हणून ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत, त्यांना मी औषधाबरोबर गोबरगॅसही सुचवतो.

शेण आणि पाणी सारख्या प्रमाणात कालवून बंद टाकीत सोडले की, हवेवाचून जगणारे जंतू ते कुजवतात. त्यातून मिथेन हा जळणारा वायू तयार होतो. साधारण २५ किलो शेणापासून दिवसाला एक घनमीटर गॅस मिळतो, आणि लहान कुटुंबाला दोन घनमीटर पुरतो. हे जंतू उबेवर वाढतात. त्यामुळे हिवाळ्यात, विशेषतः आपल्या घाटावरच्या गावांत, गॅस कमी येतो. संयंत्र बिघडले असे समजू नये.

याला संडासही जोडता येतो. पुणे जिल्ह्यातील देहूचे डॉ. सु. वि. मापुसकर आमच्याच पेशातले. मैल्यावर चालणारे 'मलप्रभा' संयंत्र त्यांनी रुजवले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

बाहेर पडणारी मळी उत्तम खत आहे. मात्र तिच्यात जंतांची अंडी जिवंत राहू शकतात. ती कोथिंबीर, मेथीच्या वाफ्यात ताजी टाकू नका, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

आता धोक्याचे. चालू संयंत्र सहसा त्रास देत नाही. माणसे दगावतात ती बंद पडलेली टाकी साफ करताना. आत प्राणवायू जवळजवळ नसतो. शिवाय हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तळाशी साचतो. आधी त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे गॅस गेला, असे मानून माणूस उतरतो आणि क्षणात कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. एकाच टाकीत दोन-तीन जीव जातात ते असे.

विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. इथे ती मुळीच नको. मिथेनचा भडका उडतो. विडी, काडीही जवळ नको. झाकण उघडून दोन दिवस ठेवले तरी तळचा वायू जात नाही, आणि मळी ढवळली की नव्याने सुटतो. सफाई वरूनच, पंपाने करावी.

कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नका. आधी अग्निशमन दल व १०८ ला फोन करा. वरून हवेचा पंखा लावा. शुद्ध असेल तर दोर सोडा. बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत निजवा. श्वास बंद असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी जोराने दाब देत राहा. तोंडाला तोंड लावू नका, तो वायू तुमच्याही छातीत जाईल.