पुरात बुडालेल्या चिपमधला प्रोग्रॅम

कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. कोल्हापूरच्या पुराची पातळी तिथे मोजतात. ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. समजा, अशा पुरात शाळेतले आपोआप घंटा देणारे यंत्र बुडाले. ते बनवणारा आता हे काम करत नाही आणि प्रोग्रॅमची दुसरी प्रत कुणाकडेच नाही. मग चिपमधला प्रोग्रॅम पाण्याबरोबर वाहून गेला का?

त्यासाठी प्रोग्रॅम चिपमध्ये कसा राहतो ते पाहू. ८९सी५१ हा अशा यंत्रांत वापरता येणारा एक मायक्रोकंट्रोलर. त्याच्या स्मृतीत ४०९६ बाइट, म्हणजे ३२,७६८ बिट मावतात. प्रत्येक बिटासाठीच्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरमध्ये एक ‘तरंगते’ गेट असते. त्यावर इलेक्ट्रॉन कोंडलेले असले तर ०, नसले तर १. ही कल्पना १९६७ साली बेल प्रयोगशाळेतल्या कांग आणि झी यांनी मांडली. घासलेल्या कंगव्यावरचा प्रभार दमट हवेत लवकर निघून जातो, हे मुलांना माहीत असते. इथे मात्र प्रभाराभोवती सर्व बाजूंनी सिलिकॉन डायऑक्साइडचा विद्युतरोधक थर असतो. म्हणून वीज नसतानाही तो वर्षानुवर्षे टिकतो.

म्हणजे पुराचे पाणी सहसा प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. बिघडते ती तिथवर जाणारी वाट. ओल्या यंत्राला वीज दिली, की गढूळ पाण्यातून विद्युत अपघटन होते आणि चिपचे पाय झिजतात. म्हणून पहिला नियम: ‘चालतंय का बघू’ म्हणून बटण दाबू नका.

यंत्र ऊर्ध्वपातित पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्यावे. चिप काढून प्रोग्रॅमर या उपकरणात बसवावी आणि दोनतीनदा वाचावी. प्रत्येक वेळी तेच बाइट आले, तर वाचन विश्वसनीय. एखादा पाय मुळाशी तुटला असेल, तर कुशल कारागीर तिथले प्लास्टिक किंचित घासून आतल्या धातूला बारीक तार जोडू शकतो.

मात्र दोन अडचणी आहेत. बनवणाऱ्याने ‘लॉक बिट’ लावले असतील, तर प्रोग्रॅमरला आतले काही वाचता येत नाही. आणि चिपचा आतला भागच जळला असेल, तर तीव्र नायट्रिक आम्लाने प्लास्टिक विरघळवून चिप उघडावी लागते. हे काम तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेतच व्हावे, शाळेत कधीही नाही.

सगळे जमले तरी हाती येतात ते नुसते आकडे. त्यांवरून नव्या चिपमध्ये जशीच्या तशी नक्कल भरता येते आणि घंटा पुन्हा वाजते. पण उद्या तासांच्या वेळा बदलायच्या झाल्या, तर कोणता आकडा कशासाठी, हे सांगणाऱ्या मूळ लिखाणातल्या टिपा चिपमध्ये कधी गेलेल्याच नसतात. म्हणून असे यंत्र घेताना मूळ प्रोग्रॅमची प्रत मागून घ्यावी, आणि ती पूररेषेच्या वरच्या कपाटात ठेवावी.